वळणावरून दिसणारा धूर

९ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझी तब्येत कशी आहे? पोटात जळजळ व्हायची ती थांबली, की अजून उभ्या उभ्याच जेवतोस? सूनबाईंची पाठ कशी आहे? दिवसभर खुर्चीत बसून काम, त्यांना म्हणावं अधूनमधून उठत जा, चार पावलं टाकत जा. थोरल्याचा पुढचा दात पडला होता, नवा आला का? चिमणीला चष्मा लागल्याचं ऐकलं. लागू दे. आपल्या घरात शहाण्या माणसांना चष्मा लागतोच. तुझ्या सासऱ्यांचा गुडघा काय म्हणतो? त्यांना माझा नमस्कार सांग.

आता इकडचं. तुझ्या वहिनीचा हात सुधारला आहे, पुन्हा भांडी आपटायला लागली आहे, त्यावरून कळतं. गाय व्याली, कालवड झाली. आईला जरा खोकला आहे, थंडीचा असेल. मी बरा आहे.

खरं म्हणजे हे लिहिताना मी अजिबात बरा नाही. संतापलो आहे. आणि माझा संताप फोनवर मावत नाही. मी तापायला लागलो की तू म्हणतोस, "दादा, मीटिंगमध्ये आहे." कागद मीटिंगला जात नाही. म्हणून पत्र.

काल तुझ्या सहलीची बारा माणसं वर आली. धुक्यात पाय घसरत, पोटऱ्यांवरच्या जळवा उपटत, पण हौसेने आली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पाहुणा दारात आला की मला बरंच वाटतं. मी ओसरीवर गवताच्या पेंढ्या विंचरत बसलो होतो. तुझी ती गाईडबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि बाजारात बैल दाखवावा तसं तिने मला दाखवलं. म्हणाली, "हे या गावातले शेवटचे शाकारणारे. गवताचं छप्पर घालणारी यांची आठवी पिढी. यांनी आयुष्यात शाळा पाहिलेली नाही. लिहिता-वाचता येत नाही. सगळं ज्ञान हातात!"

सगळ्यांनी एकदम "अहाहा" केलं. एका बाईंनी माझा हात हातात घेऊन मांजर कुरवाळावं तसा कुरवाळला.

शाळा पाहिली नाही हे खरं. बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, छपरावर चढलो तो उतरायला फुरसतच मिळाली नाही. पण वाचता येत नाही? वाण्याकडून खिळे ज्या कागदात बांधून यायचे, ते कागद सपाट करून करून मी वाचायला शिकलो. फाटलेल्या, अर्ध्या बातम्या. अजून मला कितीतरी खटल्यांचे निकाल माहीत नाहीत. आणि तुला कोणी शिकवलं रे? चुलीपुढची राख पसरून त्यात बोटाने तुझा पहिला अ कोणी काढला?

मी गाईडबाईंना म्हटलं, "तुमच्या टोपीवर काय लिहिलंय ते वाचून दाखवू का?" त्या हसल्या. पाहुण्यांना म्हणाल्या, "आजोबा फार विनोदी आहेत हं." आणि पुढच्या घराकडे वळल्या.

हे सांगायला तू लावलंस का? एवढंच कळव. आणखी एक. आईच्या घरातला विजेचा दिवा काढून तिथे कंदील टांगलाय, गॅसच्या टाकीवर गोणपाट घातलंय. आई मला विचारते, "अरे, वीज गेली का गावातली?" तिला काय सांगू?

तुझा दादा


२१ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं. सख्ख्या भावाला टाइप करून पत्र पाठवणारा आपल्या घराण्यात तूच पहिला. वाचलं, दोनदा वाचलं, मग वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे भावोजींचं पत्र आहे की पाणीपट्टीची नोटीस?"

तू लिहितोस, "दादा, पाहुणे जुनं गाव बघायला येतात. नवीन काही दिसलं की त्यांचा मूड जातो. पाहुणे असताना चष्मा काढून ठेवत जा."

चष्मा काढून ठेवू! अरे, चष्म्याशिवाय मला गवताची काडी आणि सापाचं पिल्लू सारखंच दिसतं. काढतो चष्मा. मग एखादा पाहुणा शाकारून निघाला तर बोलायचं नाही.

पुढे लिहितोस की तुझ्यामुळे गावाला काम मिळालं, दादाच्या हाताला मान मिळाला. हे मात्र मी नाकारणार नाही. खोटं बोलायची सवय मला नाही. दहा-बारा वर्षं गावात कोणी मला छपरासाठी बोलावलं नव्हतं. सगळीकडे पत्रे. आईच्या घरावरचा पत्रा तर तू स्वतः, पहिल्या पगारातून, खालून माणसांच्या डोक्यावर चढवून आणलास, कारण तिच्या अंथरुणावर गळत होतं. पाऊस पडला की आई म्हणायची, "माझा बाळ वाजतोय बघ." आणि गेल्या वर्षी तुझाच निरोप आला, पत्रा उतरवा, गवत घाला, पाहुण्यांना वळणावरून पहिलं तेच घर दिसतं.

मी घातलं. आनंदाने घातलं. वळचणीपासून आढ्यापर्यंत एकेक थर, खिळा एकही नाही, सगळी बांधणी. शेवटची पेंढी बसवून खाली उतरलो तेव्हा मी मोठ्याने गात होतो, वहिनीला विचार. तेव्हा सगळ्यांसमोर मी बोललो की, गवताला खालून धूर लागतो. धुराने किडा मरतो, काजळी धरते, गवत मुरतं. चूल पेटत राहिली तर छप्पर वीस वर्षं हलत नाही, नाही पेटली तर तीन वर्षांत खत. गाईडबाईंनी ते वहीत टिपून घेतलं. मला त्याचाही मोठा अभिमान वाटला.

तू विचारलं आहेस, आठवड्यातून दोनदा चूल पेटते ना? पेटते. बुधवारी आणि शनिवारी, पाहुण्यांच्या दिवशी. ठरल्याप्रमाणे मी पेटवतो आणि आई तोवर आमच्याकडे येऊन बसते. धूर गेला की तिला परत सोडतो. छप्पर सुंदर मुरतंय. आतून हात लावला तर बोटाला काळा मुलायम रंग लागतो. तू एकदा येऊन बघायला हवं होतंस.

आईचा खोकला आहे तसाच आहे. थंडी यंदा जरा जास्तच आहे. तुझी वहिनी मान हलवते, पण ती सगळ्यालाच मान हलवते.

माझ्या प्रश्नाचं उत्तर तू दिलेलं नाहीस. मला वाचता येत नाही हे तूच सांगायला लावलंस ना?

दादा


६ डिसेंबर
पायथ्याच्या दवाखान्यातून

सकाळी आईला इथे आणलं. नाकाला नळी लावली आहे. आत्ता झोपली आहे. मी बाहेरच्या बाकावर बसलो आहे, हा कागद नर्सबाईंकडून मागून घेतला. तुझा फोन लागत नाही. मीटिंग असेल.

तब्येती विचारत नाही आज. माफ कर. नाही, माफ नको करू.

पाहुणे यायच्या वेळेला वहिनी सहज आईच्या घरी डोकावली तर आई चुलीपुढे पालथी. घरात हाताला हात दिसत नव्हता इतका धूर. वहिनीने तिला ओढत अंगणात आणलं तेव्हा तिचे ओठ निळे होते. दारात तुझी माणसं कॅमेरे घेऊन उभी. शेजारच्या चौघांनी लाकडी खुर्चीला बांबू बांधले आणि खाली आणलं. सगळी उतरण ती एकच म्हणत होती, "हळू रे, खुर्ची मोडेल." तुझी गाईडबाई आईच्या चपला हातात घेऊन शेवटपर्यंत बरोबर चालत आली. रडत होती. मी तिच्यावर असा ओरडलो की खुर्चीवाले थांबले.

"मी आज चूल पेटवलीच नाही," मी म्हटलं. "कोणी पेटवली?"

"आजींनीच, काका. त्याच पेटवतात. दोन महिने झाले."

"आणि तुम्ही पेटवू दिली?"

"पाहुणे म्हणायचे, घरात माणूस नाही, नुसत्या रिकाम्या घराचा काय फोटो घ्यायचा? साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, आजींना बसू दे चुलीपाशी. आणि लाकूड जरा ओलं टाका, धूर दाट दिसायला हवा."

ओलं लाकूड. धाकट्या, हे शब्द तुझे आहेत का? शाकारणाऱ्याच्या घरात जन्मलास तू. ओलं लाकूड छातीत कसं उतरतं हे तुला कोणी सांगायला हवं होतं?

डॉक्टरीणबाई जेमतेम आपल्या थोरल्या भाचीच्या वयाच्या. त्यांनी जुना औषधाचा कागद मागितला. तो माझ्याच खिशात होता, तुझ्या पत्राबरोबर घडी घातलेला. दोन वर्षांपूर्वीचा. त्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं: धूर पूर्ण बंद. खाली दोन रेघा. म्हणूनच तर मी गॅसची टाकी पाठीवर घेऊन चढलो होतो. त्यांनी कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "आजोबा, हे वाचता येत नाही का तुम्हाला?"

टोपीवरचं वाचून दाखवू का म्हणणारा मी, तो कागद घडी घालून परत खिशात टाकून बाहेर आलो.

आता ऐक. तुझ्यावर मी भडकलो आहे, जन्मात इतका भडकलो नव्हतो. पण या बाकावर बसून खोटं लिहवत नाही. मागच्या पत्रात लिहिलं की आई आमच्याकडे येऊन बसते. सुरुवातीला बसायची. मग म्हणायला लागली, "तू जा, मी पेटवते. तुला गवत विंचरायचंय." मी गेलो. म्हणजे उतरणीवर 'कोणी पेटवली' म्हणून ओरडलो, ते नुसतं सोंग होतं. तिच्या लुगड्याला धुराचा वास यायचा. डोळे लाल असायचे. मी पाहिलं आणि पाहिलं नाही, कारण छप्पर इतकं छान मुरत होतं. वर बघत बसलो मी. खाली आई खोकत होती आणि मी वर काजळी बघत होतो. तुला थंडी म्हणून लिहिलं. ती थंडी नव्हती हे मला तेव्हाही माहीत होतं.

माझा वाटा मी उचलतो. तुझा तू उचल. ये.


१९ डिसेंबर

धाकट्या,

तू आला नाहीस. औषधं पाठवलीस, तीन प्रकारची, आणि वाफ घ्यायचं यंत्र पाठवलंस. यंत्र चांगलं आहे. त्याला लावायला आईच्या घरात वीज लागते, ती तू कंदिलासाठी काढली होतीस, मी परत जोडून घेतली.

सगळं क्रमाने सांगतो, म्हणजे उद्या दुसऱ्या कोणाकडून वाकडंतिकडं कानावर यायला नको.

गेल्या बुधवारी मी आईच्या घराचं छप्पर उतरवलं. तिला दवाखान्यातून सोडायच्या आधी उतरवायचं ठरवलं होतं आणि मुद्दाम बुधवार धरला. होय, मुद्दाम. तुझी माणसं वळणावरून वर यायच्या वेळेला मी आढ्यावर बसून पहिली गाठ कापली. वहिनी खाली पेंढ्या ओढत होती आणि मला शिव्या देत होती, "हळू! या वयात वरून पडलात तर तुमच्यासाठी दुसरी खुर्ची कुठून आणू?" मी बांधलेलं छप्पर मलाच मोडायला सकाळपासून दुपारपर्यंत वेळ लागला. इतकं पक्कं बसलं होतं. एकेक गाठ माझ्या हातची. प्रत्येक गाठीला मला वाटायचं, ही राहू दे, आणि मग आईचे निळे ओठ आठवायचे.

पाहुणे जमले. कोणीतरी विचारलं, हे काय चाललंय? तुझी गाईडबाई क्षणभर गोंधळली आणि म्हणाली, "म्हातारं माणूस आजारी पडलं की घराचं छप्पर उतरवायची इथली जुनी चाल आहे."

टाळ्या वाजवल्या रे त्यांनी! मी वर संतापाने गाठी कापतोय आणि खाली टाळ्या! एक गोरागोमटा, मोठ्या पोटाचा गृहस्थ पुढे आला, मलाही हात लावू द्याल का म्हणाला. मी म्हटलं, या. दोन तास त्याच्याकडून गवत ओढून घेतलं. काजळीने त्याचं तोंड तव्यासारखं झालं. जाताना माझ्या पाया पडला. म्हणाला, आयुष्यातला सर्वांत खरा अनुभव होता.

गोठ्यामागे ठेवलेला तुझा पत्रा मी परत चढवला. जुन्या भोकांना जुनेच खिळे.

आईला काल आणलं. पुन्हा खुर्ची, पुन्हा चौघं. मला वाटलं होतं, पत्रा पाहून तिला बरं वाटेल. वळणावर तिने मान वर केली, घराकडे बघितलं, आणि खुर्चीच्या दांडीवर मूठ आपटली. अंगात ताकद नाही, पण मूठ आपटली.

"हे काय करून ठेवलंस? कोणाला विचारून?"

"आई, तुला धूर चालत नाही. डॉक्टरीणबाईंनी—"

"मला काय चालतं ते मला कळतं. तुझ्याआधी जन्मले मी. चूल कुठाय?"

"विझवली. आता गॅसवरच."

"मग त्याला कसं कळणार?"

"कोणाला? काय?"

"बाळाला. मी घरात आहे ते."

चौघेही खुर्ची धरून उभे. कोणी पाऊल टाकेना.

मला तेव्हा कळलं, आणि तुला आत्ता वाचताना कळलं असेल. शाळेतून येताना तू त्याच वळणावर थांबायचास. वर बघायचास. छपराच्या गवतातून धूर येताना दिसला की दप्तर पाठीवर आपटत पळत सुटायचास, "दादा, आई आलीय!" धूर नसला की ती अजून शेतात आहे हे ओळखून तिथेच पेरूच्या झाडावर चढून बसायचास. मी विसरलो होतो. ती विसरली नव्हती. तू पाठवलेल्या पाहुण्यांसाठी तिने एकदाही चूल पेटवली नाही, धाकट्या. पाहुणे तिच्या खिजगणतीतही नाहीत. दर बुधवारी आणि शनिवारी तिला वाटायचं, त्या माणसांत आज तू असशील. म्हणून ओलं लाकूड ती आनंदाने टाकायची. दाट धूर लांबून दिसतो. गाईडबाईला दर वेळी विचारायची, "आज आलाय का?" आणि ती बिचारी म्हणायची, "पुढच्या वेळी नक्की, आजी."

तीन वर्षांपूर्वी तू तिला शहरात न्यायला आलास, तेव्हा मी जे बोललो ते मला पाठ आहे. "तुझ्या तिसऱ्या मजल्यावर ती काय खिडकीत वाळत बसणार?" असं म्हणालो, आणि याहून वाईटही म्हणालो. तू न जेवता उतरून गेलास. ते माझं चुकलं. राग माझ्यावर होता तर माझ्यावर काढायचा होतास. तिला कशाला त्यात घातलंस?

आणि एक गोष्ट वर लिहिली नाही, ती आता लिहितो. छप्पर उतरवलं त्या दिवशी गाईडबाई जाताना मागे राहिली. म्हणाली, "काका, रागावू नका, पण साहेब प्रत्येक वेळी येतात. गाडीतून माणसं उतरवतात, वळणापर्यंत स्वतः चालत येतात, पाहुण्यांना वरचा धूर दाखवतात. म्हणतात, ते बघा, ते गाव. आणि तिथूनच परत फिरतात."

तिथूनच.

म्हणजे तिला जे वाटत होतं ते खरं होतं. तू धूर बघत होतास. आई घरात आहे हे तुला दर आठवड्याला दोनदा कळत होतं. हे मी तिला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. ते तुझं तू सांग, नाहीतर पोटात घेऊन जग, मला त्यात पाडू नकोस.

तुझे पाहुणे पाठव किंवा नको पाठवू. पाठवलेस तर मी चष्मा लावून बसेन आणि ज्याला हवं त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवीन. गवताचं छप्पर हवं असेल तर माझ्या गोठ्यावर घालतो, तिथे चूल मी पेटवीन आणि मीच खोकेन. आईच्या घरावर पत्राच राहील. दुपारी त्यावर ऊन पडलं की वळणावरून डोळे दिपतात, एवढी खूण तुला पुरे. तुझ्याच पहिल्या पगाराचा पत्रा आहे, ओळखशील.

पण ते तिला पटत नाही. म्हणते, पत्रा काय, माणूस नसलं तरी चमकतो.

म्हणून तिला पत्र लिही. मला नको, तिला. टाइप केलेलं नको, हाताने लिही, वाकडं आलं तरी चालेल, राखेत यायचं तसं. त्यात एवढंच लिही की, "आई, धूर नसला तरी तू घरात आहेस हे मला माहीत आहे." मी तिला वाचून दाखवीन. आणि यायचं असेल तर बुधवार-शनिवार सोडून ये, वळणावर थांबू नकोस.

वेळ लावू नकोस. काड्यापेटी मी माझ्या खिशात घेऊन फिरतो आहे, पण आज सकाळी आई भिंतीला धरून धरून शेजारणीकडे विस्तव मागायला गेली होती. लवकर लिही.

तुझा दादा